एका बोल्टमधला इतिहास

१/ जुन्या ब्रिटिश मोटारीचा जीर्णोद्धार करताना एखादा भाग विचित्र दिसला की तो ‘सुधारण्या’चा मोह होतो. माझे मत असे की, त्या विचित्रपणाचे कारण कळेपर्यंत त्याला हात लावू नये. १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली एमजी टीसी ही दोन आसनी मोटार याचे उत्तम उदाहरण आहे. #थ्रेड

२/ तिच्या १२५० सीसी इंजिनाच्या बोल्टना ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचा पाना बसतो. साहजिकच आटेही ब्रिटिश असतील असे वाटते. पण ते मेट्रिक आहेत. तेही आजचे नेहमीचे नव्हेत. ८ मिमीच्या बोल्टच्या लगतच्या दोन आट्यांत आज सहसा १.२५ मिमी अंतर असते, येथे ते १ मिमी आहे.

३/ याचे मूळ पहिल्या महायुद्धात सापडते. हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्या कंपनीने तेव्हा इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे मशीनगनचा कारखाना उभारला. यंत्रे फ्रेंच, म्हणून मापे मेट्रिक. युद्ध संपताच मशीनगनची मागणी ओसरली आणि तोच कारखाना मॉरिस मोटारींची इंजिने बनवू लागला. १९२३ मध्ये विल्यम मॉरिस यांनी तो विकतच घेतला.

४/ आटे बदलायचे तर यंत्रसामग्री बदलावी लागली असती. दुसरीकडे, गावोगावच्या मेकॅनिककडे पाने मात्र व्हिटवर्थचे. म्हणून आटे फ्रेंच आणि माथा ब्रिटिश अशी तडजोड झाली. एमजी मॉरिस यांच्याच उद्योगसमूहातली. हा वारसा तिच्याकडेही आला.

५/ हे ठाऊक नसलेला माणूस माथा पाहून ब्रिटिश बोल्ट जबरीने फिरवतो. व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. परिणामी ब्लॉकमधले आटे जातात. मग भोक मोठे करून आधुनिक आटे पाडले जातात आणि मूळ पुरावा कायमचा नष्ट होतो.

६/ मोटार धावण्यासाठी असते, कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. ब्रेक आणि वायरिंग सुरक्षित हवेच. परंतु बदल शक्यतो पूर्ववत करता येण्याजोगा असावा, त्याची नोंद ठेवावी आणि काढलेला भाग फेकू नये. या मापाचे बोल्ट आजही नव्याने बनवून मिळतात.

७/ अपरिचित शब्द आढळला म्हणून पोथीचा जाणता संपादक तो खोडत नाही. आधी तो तिथे का आला हे शोधतो. जुन्या इंजिनासमोर पाना हाती घेणाऱ्याकडूनही एवढीच अपेक्षा आहे.