मत त्यांचं, बोट तिचं

४ जून २०२४, मंगळवार. सकाळी आठ वाजता टीव्हीवर लोकसभेची मतमोजणी सुरू झाली आणि आमच्याकडे फोन वाजला. कुवेतहून धाकट्या दिरांचा. तिथे तेव्हा पहाटेचे साडेपाच!

"वहिनी, आपल्याकडे कोण पुढे?"

"भाऊजी, आत्ताशी पोस्टाची मतं मोजतायत. जरा दम धरा!"

पण दम कुठला धरवतोय! कामावर नेणाऱ्या बसमधून एक फोन, जेवणाच्या सुट्टीत दुसरा, संध्याकाळी खोलीवर परतल्यावर तिसरा. आम्ही इथे टीव्हीसमोर बसूनही आमटी-भाताची काळजी करत होतो आणि ते समुद्रापलीकडून एकेका फेरीचा हिशेब ठेवत होते. आखातात माणूस असलेल्या कोकणातल्या कुठल्याही घराला हे नवीन नाही.

गंमत म्हणजे एवढी तळमळ असलेल्या या माणसाने मत दिलंच नव्हतं. देणार कसं? परदेशात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाला २०११ पासून मतदार यादीत नाव घालता येतं. फॉर्म ६-ए भरायचा, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. पण मत द्यायला त्याने स्वतः मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या मतदान केंद्रावर यायचं! आमच्याकडे मतदान होतं ७ मेला. एका मतासाठी विमानाचं तिकीट आणि बुडालेला पगार कुणाला परवडणार? म्हणूनच २०२४ मध्ये देशभरात अशा सुमारे १ लाख १९ हजार मतदारांची नोंद असून प्रत्यक्ष मत दिलं ते तीन हजारांहूनही कमी जणांनी. त्यातले बहुतेक केरळचे.

"तिकडे गेलेल्यांना मत हवंय कशाला?" असं आपण सहज म्हणून जातो. पण मैत्रिणींनो, निकालानंतर बरोबर आठ दिवसांनी, १२ जूनला, कुवेतमधल्या मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. नुकतीच शपथ घेतलेल्या सरकारच्या राज्यमंत्र्यांना तातडीने तिकडे जावं लागलं, हवाई दलाच्या विमानाने मृतदेह कोचीला आणावे लागले. त्या दिवशी भाऊजींचा फोन लागेपर्यंत आमच्या घरात चूल पेटली नव्हती. परदेशातल्या कामगाराला आपलं सरकार किती लागतं, हे असं कळतं.

मग उपाय नाहीत का? आहेत की! फिलिपिन्सचे नागरिक २००४ पासून परदेशातून मतदान करतात. आपल्याकडे सैनिकांसाठी पोस्टाच्या मतपत्रिकेची सोय आहेच. ती परदेशस्थांनाही देता येईल, असं निवडणूक आयोगाने २०२० मध्ये सरकारला कळवलं होतं. त्याआधी २०१८ मध्ये दुसऱ्या कुणाकरवी मत देण्याचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत अडलं आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. आक्षेप काय होता? ज्याच्या हाती मत सोपवलं, तो सांगितल्याप्रमाणेच देईल कशावरून?

आता खरी गोष्ट सांगते. त्याच संध्याकाळी भाऊजी फोनवर हसत म्हणाले, "माझं मत हिने दिलं ना!" मी जावेकडे पाहिलं. ती सहज म्हणाली, "हो ताई, ह्यांनी आदल्या रात्री सांगितलं होतं, त्यालाच दिलं."

म्हणजे जो कायदा संसदेत अडकला, तो आमच्या स्वयंपाकघरात केव्हाच लागू झालाय! फरक इतकाच, की यात भाऊजींचं मत वाया गेलं नाही, वाया गेलं ते जावेचं. बोट तिचं, शाई तिची, मत मात्र त्यांचं.

भाऊजींचा मान राखूनच लिहिते. ते घरासाठी राबतात, त्यांना देशाची काळजी आहे. पण उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येतं, ते कोण भरतं? आरोग्य केंद्रात डॉक्टर नसले, की सासूबाईंना रिक्षात घालून तालुक्याला कोण नेतं? शाळेतली रिकामी जागा कुणाला दिसते? कुवेतच्या खोलीतून बातम्या दिसतात, गावचा रस्ता दिसत नाही. तो जिला दिसतो, तिनेच डोळे मिटून बटण दाबायचं, हे कुठलं शहाणपण?

नवऱ्याचं ऐकू नका, असं नाही म्हणत मी. जरूर ऐका, वाद घाला, त्यांची अडचण मतदान मागायला येणाऱ्या उमेदवाराच्या कानावर घाला. "आमच्या माणसाला तिथून मत देता यावं म्हणून काय करणार?" हा प्रश्न आपणच इथे विचारायला हवा, कारण ते दारात नसतात. पण पडद्यामागे गेल्यावर मात्र तुम्ही एकट्याच. ती जागा कायद्याने तुम्हाला दिली आहे.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. निकाल शनिवारी, २३ तारखेला, म्हणजे तिथे सुट्टी! भाऊजी सकाळपासून फोनवर. मध्येच त्यांनी जावेला विचारलं, "तू कुणाला दिलंस गं?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मतदान गुप्त असतं म्हणे!"

पलीकडे क्षणभर शांतता... आणि मग भाऊजी जे हसले, ते आम्हाला इथवर ऐकू आलं.