कुऱ्हाड नुसती डोकी फोडायला नव्हती

शिडांच्या जहाजांवरच्या व्हिडिओ गेममध्ये आरमारी कुऱ्हाड आली, तर ती तलवारीला पर्याय म्हणूनच येते. वार जरा सावकाश, घाव मात्र मोठा. बाकी दोन्हींचं काम एकच. गेम बनवणाऱ्यांनी इथे हातची मजा घालवली आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युद्धनौकांवर ही कुऱ्हाड आधी अवजार होती, मग हत्यार. आखूड दांडा, एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला टोकदार चोच. पात्याने शत्रूच्या शिडांचे दोरखंड तोडायचे, आपल्या कठड्यात रुतलेल्या गळांचे दोर छाटायचे. लालबुंद तापवलेला तोफगोळा लाकडात घुसून बसला, तर चोचीने उकरून काढायचा. अमेरिकी नौदलाच्या काही कुऱ्हाडींच्या पात्याला खालून खाचाही असत, जळतं सामान अडकवून खेचता यावं म्हणून.

१९ ऑगस्ट १८१२ रोजी अटलांटिकमध्ये अमेरिकी 'कॉन्स्टिट्यूशन' आणि ब्रिटिश 'गेरियर' या युद्धनौका भिडल्या. 'गेरियर'ची मागची डोलकाठी तुटून समुद्रात पडली, पण दोरखंडांना लटकलेलीच राहिली. पाण्यात फरफटणारं ते धूड सुकाणूचं काम करू लागलं आणि जहाज आपसूक भलतीकडे वळलं. पुढे उरलेल्या दोन डोलकाठ्याही गेल्या आणि 'गेरियर'च्या कॅप्टन डेकर्सला शरण जावं लागलं. अशा घडीला तलवारबहाद्दर काय कामाचा? हवे असतात दोर तोडणारे हात.

खेळात ही हमाली कोण करील, असं म्हणणाऱ्यांनी २०१८ चा 'सी ऑफ थीव्ज' खेळून पाहावा. तोफा धडाडत असताना भोकांवर फळ्या ठोकायच्या, बादलीने पाणी उपसायचं, एकमेकांवर ओरडायचं. खरी धमाल तिथेच आहे. उलट २०२४ साली आलेल्या 'स्कल अँड बोन्स'ची तऱ्हा. हिंदी महासागरातली चाचेगिरी म्हणून गाजावाजा झाला, पण शत्रूच्या जहाजावर चढायची वेळ आली की पडद्यावर तयार दृश्य सुरू होतं आणि खेळाडू हातावर हात ठेवून बघत बसतो. त्याच कंपनीच्या 'ब्लॅक फ्लॅग'ने २०१३ मध्येच दोराला लटकून पलीकडच्या जहाजावर उडी मारू दिली होती!

पुढचा कुणी असा गेम करणार असेल, तर कुऱ्हाडीच्या घावाने खरोखर दोर तुटावा, शीड कोसळावं, पळणारं जहाज मंदावावं. आणि एखाद्या उत्साही वीराने गडबडीत आपल्याच शिडाचा दोर तोडला, तर गेमने त्याला अडवू नये.