जशी आहे, जेथे आहे

बंद पडलेल्या गिरणीच्या जागेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘भाव काय?’ आणि दुसरा, ‘टायटल क्लिअर आहे ना?’ वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. बँकेचा बोजा उतरला का, कुठे भाऊबंदकीचा दावा पडून आहे का, सगळं चाळलं जातं. त्याच तीस वर्षांत त्या जमिनीत काय मुरलं, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचं कर्ज चढतं, विहिरीचा हिस्सा चढतो; मातीतलं निकेल चढत नाही.

नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या काळातली. १९७४च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, टेक्सटाईल मिल म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पुढे बंद पडली. लातुरात डालडा फॅक्टरी होती. कारखाना गेला, नाव पत्त्यापुरतं उरलं. या दोन्ही ठिकाणची माती विषारी आहे असा आरोप इथे करायचा नाही. पण अशा जागेवर काही उभारण्याआधी मातीची तपासणी झाली पाहिजे, असं ना नगररचना विभागाला वाटतं ना बिल्डरला, आणि फ्लॅट बुक करणाराही फक्त पार्किंग विचारतो.

कापडाची गिरणी म्हणजे नुसतं सूत नव्हे. बॉयलरची कोळशाची राख वर्षानुवर्षं आवारातच कुठेतरी पडते. वाफेच्या पाइपांवर जुन्या काळी अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण असे, छपरावर त्याचेच पत्रे. फर्नेस ऑइलच्या टाक्या गळतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, आणि ते सहजासहजी नष्ट होत नाही. रंगाई खातं असेल तर क्रोमियम. डालड्यासारखं वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन मिसळायला निकेलची भुकटी लागते. वापरून झालेली ती भुकटी आज घातक कचऱ्यात मोडते. आज, हे महत्त्वाचं. देशात घातक कचऱ्याचे पहिले नियमच १९८९ साली आले. त्याआधी आवारात काय ओतलं, काय पुरलं, याची नोंद ठेवा असं मालकाला सांगणारंच कोणी नव्हतं.

आपली काळी माती या बाबतीत विचित्र आहे. तिच्यातली चिकणमाती जड धातू धरून ठेवते, सहजी खाली जाऊ देत नाही. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांतून थेट मुरमात उतरतं. खाली काळ्या खडकाच्या फटी. तिथून बोअरला पाणी लागतं. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातुरात बोअरचं पाणी ही किरकोळ गोष्ट नाही. शिवाय नवी इमारत म्हटली की तळघर आलं. खोदलेली माती टिप्परमध्ये भरून गावाबाहेरच्या सखल प्लॉटवर भरावाला जाते. म्हणजे जे एका आवारात होतं ते चार वस्त्यांत पोचतं, आणि भराव घेणारा वर पैसेही मोजतो.

मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवर १९९१पासून रणकंदन झालं. मोकळी जागा किती, म्हाडाला किती, कामगाराला काय, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तो झगडा रास्तच होता, पण त्यात चर्चा झाली ती चौरस फुटांची. मातीची फारशी नाही. आणि मुंबईत जमिनीचा भावच असा, की माती साफ करायचा खर्च त्यात सहज खपून जावा. नांदेड-लातुरात तो खर्च जागेच्या किमतीला भिडू शकतो. म्हणूनच लहान शहरात जागा एकतर बाभळी माजेपर्यंत पडून राहते, नाहीतर लिलावाच्या जाहिरातीत ‘जशी आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकली जाते. या चार शब्दांनी विकणारा मोकळा होतो.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात १९५३ साली एका रसायन कंपनीने आपली कचरा पुरलेली जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खाली रसायनं आहेत, पुढे काही झालं तर आमची जबाबदारी नाही, असं खरेदीखतात लिहूनच दिली. मंडळाने तिथे शाळा बांधली. १९७८मध्ये ‘लव्ह कॅनॉल’ नावाच्या त्या परिसरात आणीबाणी जाहीर करून शेकडो कुटुंबं हलवावी लागली. खरेदीखत मात्र कायदेशीरदृष्ट्या चोख होतं.

आपल्याकडे केंद्राने जुलै २०२५मध्ये दूषित जागांचे नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची. मग ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, गरज पडल्यास पुढे सविस्तर. ज्याने घाण केली त्याने खर्च भरायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल, तर केंद्र आणि राज्याने. आपल्यासारख्या शहरांना हे शेवटचं कलम हवंच होतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालयं नांदेडलाही आहेत, लातूरलाही. तक्रार नागरिकही करू शकतो. तेव्हा यादीत आपल्या शहरातलं काय गेलं, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायला हरकत नाही.

तपासणी झाली म्हणजे जागा बाद, असंही नाही. ब्रिटनमध्ये मातीची मर्यादा वापरावर ठरते: परसात भाजी पिकवायची तर कडक, गोदाम किंवा वाहनतळ असेल तर सैल. आपल्याकडे उलटी तऱ्हा. मोकळ्या सरकारी जागेवर नगरसेवकाला सर्वात आधी बाग सुचते, म्हणजे जिथे पोरं मातीतच खेळणार. काँक्रीटखाली झाकून गोदाम, वर सोलर पॅनल, हा उपयोग दिसायला रुक्ष, पण अशा जागेला तोच सोसतो.

सुरुवातीला प्रयोगशाळाही लागत नाही. टाकी कुठे होती, राखेचा ढीग कोणत्या भिंतीला, रंगाचं पाणी कोणत्या नाल्यात सोडत, हे निवृत्त कामगारांना पाठ आहे. जुना नकाशा त्यांच्यासमोर ठेवून खुणा करून घ्यायच्या आणि मातीचे नमुने तिथूनच उचलायचे. एका दुपारचं काम आहे. या माणसांची वयं सत्तरीपार गेली आहेत, त्यामुळे ते याच वर्षी व्हायला हवं. आणि त्याचा अहवाल लिलावाच्या निविदेला जोडायला हवा, टायटलच्या कागदांच्याही वर.