जरा १९७ ला विचार!

चाळिशी-पन्नाशीच्या कुठल्याही माणसासमोर नुसतं "१९७" म्हणून बघा. चेहऱ्यावर लगेच हसू येतं. स्टाफरूममध्ये म्हणा, ऑफिसात म्हणा, मेसच्या मामांना म्हणा. आणि हाच आकडा हॉस्टेलच्या रूमवर म्हणा... समोरचा विचारणार, "कुठली बस?"

तर मित्रहो, आपल्या पब्लिकसाठी थोडी माहिती. घरात लँडलाईन असण्याचा काळ. कुणाचा नंबर हवा असेल तर १९७ फिरवायचा. पलीकडे टेलिफोन खात्याचा माणूस किंवा बाई. नाव आणि एरिया सांगायचा, ते शोधून नंबर सांगणार. फोन बिघडला तर १९८. ट्रंक कॉल बुक करायचा तर १८०. मोठ्या शहरांत १७४ फिरवलं की घड्याळातली वेळसुद्धा ऐकायला मिळायची. भारतात पहिली एसटीडी लाईन १९६० साली लखनौ-कानपूर सुरू झाली. पण ती सोय गावोगाव पोचायला बरीच वर्षं गेली. तोवर साताऱ्याहून सांगलीला बोलायचं तरी मधे ऑपरेटर हवाच.

आता विचार करा, सांगलीत १९७ वर बसून "पाटलांचा नंबर द्या" हे ऐकणं म्हणजे काय शिक्षा असेल! साताऱ्यात तेच भोसले नाहीतर शिंदे. मग उलटा प्रश्न यायचा, "कुठले पाटील? विश्रामबागचे की माधवनगरचे? डॉक्टर का वकील?" दोन-तीन प्रश्नांत बरोबर पाटील सापडायचे. आज आपण कॉम्प्युटरला शोध बारीक करायला शिकवतो, त्या काळी ते काम आपल्याच गावातला एक माणूस करायचा. त्याला माधवनगर कुठं आहे हे नकाशा न बघता ठाऊक असायचं.

आणि नंबर मिळायचा तो मराठीत. "तेवीस, एकोणसाठ, अठ्ठ्याहत्तर." आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांचा इथेच घाम निघाला असता. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, हे ठरेपर्यंत पुढचे दोन आकडे निघून जाणार! माझे आजोबा मात्र आजही फोननंबर असाच जोडी-जोडीने सांगतात आणि आख्ख्या घराचे नंबर त्यांना पाठ आहेत. मला माझ्या रूममेटचासुद्धा पाठ नाही.

पण थांबा. हा लेख "जुनं ते सोनं" म्हणत रडण्यासाठी लिहिलेला नाही. घरी विचारलं तर खरं चित्र कळतं. १९७ तासन्‌तास एंगेज. लागलाच तर डिरेक्टरी जुनी, माणूस घर बदलून गेलेला. २००० नंतर लँडलाईन नंबरांच्या आधी २ जोडला, तेव्हा तर कित्येक घरांतली डायरीच्या डायरी दुरुस्त करावी लागली. आणि मुळात फोन होता कुणाकडे? अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायची. गावात एखाद्याच घरी फोन, तिथं निरोप ठेवायचा. ज्याच्याकडे फोनच नाही त्याला १९७ चा काय उपयोग? आज शेतात उभं राहून माणूस व्हिडिओ कॉल लावतो. ही प्रगती नाही असं म्हणणाऱ्याने आधी ट्रंक कॉलसाठी दोन तास बसून दाखवावं.

मग आठवण काढायची ती कशाची? माझ्या मते तीन गोष्टींची.

पहिली, लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती. आपल्या बोलीत, अडखळत, अर्धवट विचारलं तरी चालायचं.

दुसरी, उत्तर देणाऱ्याला तुम्हाला काही विकायचं नव्हतं. तुम्ही एका दुकानाचा नंबर विचारलात तर तो दुसऱ्याच दुकानाची जाहिरात ऐकवायचा नाही. आज एखाद्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर नेटवर शोधा. वर येणारा नंबर कंपनीचाच असेल याची खात्री नाही. असे खोटे नंबर पेरून लोकांची खाती रिकामी करणं हा एक धंदा झालाय. मग फसल्यावर फोन करायला सरकारला वेगळा १९३० नंबर काढावा लागला. नंबर शोधताना फसलेल्यांसाठी आणखी एक नंबर, असा हा प्रकार!

तिसरी गोष्ट म्हणजे उत्तराला धनी होता. चुकीचं सांगितलं तर पुन्हा फोन करून "अहो, काय नंबर दिलात?" असं विचारता यायचं. फॉरवर्डला असं कुणाला विचारणार?

या तिसऱ्या गोष्टीचं मोल सांगलीकरांना सांगायला नको. पावसाळ्यात इथं प्रत्येकाचे दोनच प्रश्न असतात. आयर्विन पुलाला पाणी किती फूट, आणि कोयनेतून किती क्युसेक सोडलं. म्हणजे सांगलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सातारा जिल्ह्यात असतं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि मग इकडे येतं. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी "धरणाला तडा गेला", "रात्रीत दहा फूट वाढणार" असले मेसेज फिरायला लागतात. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, साधा बटणांचा फोन असलेल्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? त्याला ॲप नको, लिंक नको. "सामान वर चढवू का?" हे विचारायला एक माणूस हवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर त्यासाठीच आहे. तुमच्या शेजारच्या आजींना तो माहीत आहे का, एकदा विचारून बघा.

फोनवरून माहिती देणाऱ्या सेवा सुरूच मुळात लोकांच्या गरजेतून झाल्या. पॅरिसच्या वेधशाळेचा फोन सतत अडलेला असायचा, कारण लोक वेळ विचारायला फोन करायचे. म्हणून तिथल्या संचालकांनी १९३३ मध्ये बोलणारं घड्याळच फोनला जोडलं. पहिल्याच दिवशी लाखाच्या वर फोन! ते घड्याळ २०२२ मध्ये बंद झालं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं फारसं नाही. वेळ आता प्रत्येकाच्या खिशात आहे. गरज संपली, सेवा संपली. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तीही अशीच.

पण सगळ्याच गरजा संपलेल्या नाहीत. २१ जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर सुरू झालं. १८००-१८०-१५५१ वर फोन करायचा, आपल्या भाषेत विचारायचं, शेतीचं शिक्षण घेतलेला माणूस उत्तर देतो. तासगावच्या द्राक्षबागेवर औषध कुठलं मारायचं हे वाचायला नव्हे, विचारायलाच सोपं असतं, कारण उत्तर देणारा आधी विचारतो, "पानावर डाग कसले आहेत?" रेल्वेचं १३९ आहे, ॲम्ब्युलन्सचं १०८ आहे. म्हणजे १९७ चं पोरबाळ जिवंत आहे. फक्त बऱ्याच ठिकाणी आता माणसाच्या आधी "यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा" अशी भिंत उभी असते, आणि माणसापर्यंत पोचेतो बॅलन्स नाहीतर धीर संपतो.

आता ही भिंत कोण बांधतं? आपणच, म्हणजे इंजिनिअर लोक. उद्या आपल्यातलेच कितीतरी जण बोलणारे बॉट बनवणार आहेत. बनवूया, माझा विरोध नाही. पण प्रोजेक्टच्या व्हायवाला एक प्रश्न सक्तीचा करावा असं मला वाटतं: साध्या फोनवरून, आपल्या बोलीत विचारणाऱ्या आजीला यातून उत्तर मिळतं का? आणि यंत्राला उत्तर येत नसेल तर ते तसं सांगून फोन माणसाकडे देतं का? १९७ वाल्या बाई तरी "ह्या नावाने नंबर नाही" असं सरळ सांगून मोकळ्या व्हायच्या.

सुरुवात आपल्या कॉलेजपासूनच करता येईल. दर वर्षी ॲडमिशनच्या दिवसांत जत, आटपाडी, माण, खटावहून पालक येतात. सगळी माहिती वेबसाईटवर आणि तीही इंग्रजीत. सीट फ्रीझ करायची की बेटरमेंटला थांबायचं एवढंच विचारायला माणूस रोजगार बुडवून एसटीने येतो. त्या काळात ऑफिसमध्ये एक फोन ठेवावा. हॉस्टेलच्या मुलामुलींनी दोन-दोन तास पाळीने बसावं आणि मराठीत उत्तरं द्यावीत. शंका आली तर शेजारच्या टेबलावर सर आहेतच. खर्च किती? एक फोन, एक टेबल आणि चहा. एकोणसाठ-एकोणसत्तरचा गोंधळ टाळायला मी मराठी आकड्यांचा तक्ता भिंतीला लावेन. पहिली पाळी माझी.

बघा पटतंय का!