सौदा डेव्हर्सचा, गच्छंती मेल्विन यांची

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ साखळी फेरीत १६२ सामने खेळतो. २०२५ च्या हंगामात राफाएल डेव्हर्स या फलंदाजाच्या नावापुढे मात्र १६३ सामने नोंदले गेले. नोंद चुकलेली नाही. बॉस्टन रेड सॉक्सचे पहिले ७३ सामने तो खेळला. १५ जून रोजी त्याचा सौदा झाला आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे उरलेले ९० सामनेही त्याने खेळले. मालक बदलला, शहर बदलले, गणवेश बदलला. कामात एका दिवसाचाही खंड पडला नाही.

या सौद्यात कोण जिंकले, यावर अमेरिकी क्रीडाविश्वात आजही खल चालू आहे. दुसरा वाद आहे तो जायंट्सचे मॅनेजर बॉब मेल्विन यांच्याविषयी. हंगाम संपताच, २९ सप्टेंबर रोजी, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. बेसबॉलमधील मॅनेजर हा कार्यालयातील अधिकारी नसतो. कोणाला खेळवायचे, चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हे मैदानाच्या कडेला बसून ठरवणारा तो मुख्य प्रशिक्षक होय. हे दोन वाद बहुधा वेगवेगळे चर्चिले जातात. वस्तुतः ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. निर्णय कोणी घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा तो प्रश्न.

‘ट्रेड’ हा शब्द आपल्या वाचकांना आता नवा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईकडे गेला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानकडे आले. गोव्याकडून रणजी खेळणारा अर्जुन तेंडुलकर त्याच सुमारास मुंबई इंडियन्समधून लखनौ संघात दाखल झाला. तथापि, आयपीएलमध्ये अशा व्यवहाराला खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये, काही अपवाद वगळता, ती लागत नाही. डेव्हर्स प्रकरणाचा गाभा समजून घ्यायचा तर हा फरक प्रथम ध्यानी घ्यावा लागेल.

तिसऱ्या बेसवरची ठिणगी

डोमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेला डेव्हर्स वयाच्या सोळाव्या वर्षी, २०१३ मध्ये, बॉस्टनशी करारबद्ध झाला. २०१८ च्या विजेत्या संघात तो होता. त्याच संघातील मूकी बेट्स या हरहुन्नरी खेळाडूला बॉस्टनने फेब्रुवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या हवाली केले. बेट्सने तेथे २०२०, २०२४ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदे पाहिली. बॉस्टनकरांच्या मनातील ती सल अद्याप गेलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये डेव्हर्सशी दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार झाला, तेव्हा त्यात त्या चुकीचे परिमार्जन अनेकांना दिसले होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बॉस्टनने अ‍ॅलेक्स ब्रेगमन याला करारबद्ध केले. तिसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षणात तो डेव्हर्सपेक्षा निःसंशय सरस. त्यामुळे डेव्हर्सला ‘डेझिग्नेटेड हिटर’ होण्यास, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता केवळ फलंदाजी करण्यास सांगण्यात आले. बऱ्याच नाराजीनंतर त्याने ते स्वीकारले. मे महिन्यात पहिल्या बेसवरील ट्रिस्टन कासास गंभीर जखमी झाला आणि व्यवस्थापनाने ती जागा सांभाळशील का, अशी विचारणा डेव्हर्सकडे केली. त्याने जाहीरपणे नकार दिला. हातमोजा बाजूला ठेव, असे आपल्याला आधी सांगितले गेले होते आणि नवा खेळाडू शोधणे हे कार्यालयाचे काम आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. संघाचे मालक जॉन हेन्री त्याच्याशी बोलण्यासाठी कॅन्सस सिटीपर्यंत गेले. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच सौदा झाला.

दोष एकाच बाजूचा नव्हता. संघ अडचणीत असताना जागा बदलण्यास नकार देणारा खेळाडू सहकाऱ्यांच्या नजरेतून उतरण्याचा धोका पत्करत असतो. दुसरीकडे, ज्याच्यावर दहा वर्षांची भिस्त ठेवली त्याला विश्वासात न घेता त्याची जागा दुसऱ्याला देणारे कार्यालय स्वतःच्याच गुंतवणुकीचे मोल घटवत असते. पुढे ब्रेगमननेही करारातील मुभा वापरून हंगामाअखेर खुल्या बाजाराची वाट धरली. ज्या जागेवरून हे रामायण घडले, ती तिसऱ्या बेसची जागा नोव्हेंबरात रिकामीच राहिली.

किंमत आणि मोल

डेव्हर्सच्या बदल्यात बॉस्टनला चौघे मिळाले : जॉर्डन हिक्स आणि काइल हॅरिसन हे पिचर, जेम्स टिब्स हा उदयोन्मुख फलंदाज व होसे बेयो हा तरुण पिचर. त्यांपैकी टिब्सला बॉस्टनने दीड महिन्यात डॉजर्सकडे धाडून डस्टिन मे हा पिचर घेतला. सौद्याच्या दिवशी संघात सर्वाधिक धाक असलेल्या फलंदाजाच्या बदल्यात एवढेच, असा प्रश्न सामान्य चाहत्याला पडला तर नवल नाही.

याचे उत्तर बेसबॉलच्या हिशेबपद्धतीत आहे. खेळाडूचे मोल आज बहुतांशी ‘वॉर’ या निर्देशांकाने मापले जाते. सहज उपलब्ध होणाऱ्या राखीव खेळाडूच्या तुलनेत एखादा खेळाडू संघाला किती अधिक विजय मिळवून देतो, याचा तो अंदाज असतो. त्यात फलंदाजीबरोबर क्षेत्ररक्षण आणि मैदानावरील जागाही धरली जाते. तिसऱ्या बेसवर उभा राहणारा डेव्हर्स आणि बाकावर बसून केवळ फलंदाजीला उतरणारा डेव्हर्स यांची बॅट एकच. पण या गणितात दुसऱ्याचे मोल कमी भरते.

सौद्याच्या बाजारात याहूनही महत्त्वाची असते ती मोल आणि पगार यांच्यातील तफावत. डिसेंबर २०२४ मध्ये बॉस्टनने शिकागो व्हाइट सॉक्सला चार होतकरू खेळाडू देऊन गॅरेट क्रोशे हा डावखुरा पिचर मिळवला. क्रोशेचा पगार त्या वेळी त्याच्या कुवतीच्या मानाने अत्यल्प होता. म्हणून त्याच्यासाठी चार जण मोजावे लागले. डेव्हर्सचे उलट होते. २०३३ पर्यंतचे २५ कोटी डॉलरहून अधिक देणे त्याच्यासोबत जात होते. जायंट्सने ते उचलले, हाच बॉस्टनच्या दृष्टीने मोबदल्याचा मोठा हिस्सा. मेजर लीगमध्ये वेतनावर कमाल मर्यादा नाही. परंतु २०२५ साठी ठरलेली २४ कोटी १० लाख डॉलरची रेषा ओलांडणाऱ्या संघाला अधिभार भरावा लागतो. म्हणून पगारातून सुटका हीसुद्धा तेथे एक चलनी वस्तू ठरते.

मग जिंकले कोण? सौद्याच्या दिवशी बॉस्टनचे ३७ विजय व ३६ पराभव होते. उरलेल्या सामन्यांत त्यांनी ५२ जिंकले, ३७ गमावले. जायंट्स त्या दिवशी ४१-३१ असे सुस्थितीत होते. नंतरचे त्यांचे गणित ४०-५० असे उलटे झाले. बॉस्टनने ८९ विजयांसह बाद फेरी गाठली आणि तेथे न्यूयॉर्क यांकीजकडून २-१ अशी हार पत्करली. जायंट्स ८१-८१ वर थांबले. डेव्हर्सविना संघ अधिक सामने जिंकूही शकतो, असे बॉस्टनचे प्रमुख अधिकारी क्रेग ब्रेस्लो यांनी सूचित केले होते, तेव्हा त्यांची टर उडवली गेली. आकडे त्यांच्या बाजूने उभे राहिले.

पण आकड्यांना कारण समजणे घाईचे ठरेल. बॉस्टनच्या मुसंडीमागे क्रोशेची अव्वल गोलंदाजी आणि रोमन अँथनीसारख्या नवोदिताचे आगमन होते. सौद्यातील चौघांचा त्यात वाटा नगण्य. जायंट्सच्या घसरणीचे खापर डेव्हर्सवर फोडणेही अन्यायाचे आहे. त्याने त्या ९० सामन्यांत २० होम रन फटकावले. संपूर्ण हंगामात ३५. शिवाय बॉस्टनमध्ये जी जागा नाकारली, तीच पहिल्या बेसची जागा त्याने जुलैच्या उत्तरार्धापासून सॅन फ्रान्सिस्कोत सांभाळली. त्याचा विरोध कामाला नव्हता, काम सांगण्याच्या रीतीला होता, असा अर्थ त्यातून काढता येतो.

नकाराचा अधिकार

जायंट्सने एवढे मोठे देणे का पत्करले? २०२२ च्या हिवाळ्यात आरन जज यांकीजकडेच राहिला. कार्लोस कोरेयाशी झालेला समझोता वैद्यकीय तपासणीनंतर बारगळला. २०२३ मध्ये शोहेई ओतानी डॉजर्सकडे गेला. डिसेंबर २०२४ मध्ये विली अ‍ॅडॅमिस आला. परंतु खुल्या बाजारातील पहिल्या फळीचा फलंदाज सॅन फ्रान्सिस्कोला वारंवार हुलकावणी देत होता. निवडीचे स्वातंत्र्य असलेल्या खेळाडूंनी जे दिले नाही, ते त्या संघाने निवडीचे स्वातंत्र्य नसलेल्या खेळाडूकडून मिळवले. या सौद्याचे खरे मर्म येथे आहे.

हे स्वातंत्र्य बेसबॉलपटूंना सहजी लाभलेले नाही. १९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईसच्या कर्ट फ्लड याला फिलाडेल्फियाकडे देण्यात आले. त्याने जाण्यास नकार दिला आणि लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९७२ मध्ये तो हरला. मात्र त्याच्या लढ्यानंतर ‘दहा-पाच’ नियम आला : मेजर लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यांतील अखेरची पाच एकाच संघात घालवलेला खेळाडू सौदा नाकारू शकतो. डेव्हर्सचे पदार्पण जुलै २०१७ चे. आणखी दोन वर्षे बॉस्टनमध्ये काढली असती, तर हा हक्क त्याला मिळाला असता. २०२३ च्या हंगामानंतर तो खुल्या बाजारातही जाऊ शकला असता. ती संधी त्याने दीर्घ करारासाठी सोडली. त्या करारात सौदा रोखण्याचे कलम नव्हते. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्याची कणव कशाला, असा सवाल येथे होईल. तो गैरलागू नाही. पण पगाराची खात्री आणि राहण्या-खेळण्याच्या जागेची खात्री या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीसाठी मोजलेली किंमत दुसरीच्या रूपाने वसूल केली जाते, हे विसरून चालणार नाही.

खुर्ची मॅनेजरची

आता मेल्विन यांच्याकडे वळू. तीन वेळा वर्षातील सर्वोत्कृष्ट मॅनेजरचा बहुमान मिळवलेले मेल्विन ऑक्टोबर २०२३ मध्ये जायंट्सकडे आले. त्यांना आणणारे फरहान झैदी वर्षभरात गेले. त्यांच्या जागी २०१०, २०१२ आणि २०१४ च्या विजेत्या संघांतील लाडका कॅचर बस्टर पोझी प्रमुख म्हणून विराजमान झाले. पोझी यांनी डेव्हर्सचा सौदा केला आणि १ जुलै रोजी मेल्विन यांचा करार २०२६ साठी कायम केला. जुलैच्या अखेरीस संघ घसरताच त्यांनीच टायलर रॉजर्स व कमिलो डोवाल हे अखेरच्या टप्प्यातील भरवशाचे पिचर आणि माइक यास्त्रेम्स्की हा फलंदाज अन्य संघांना देऊन टाकले. तीन महिन्यांपूर्वी ज्यांच्यावर विश्वास दाखवला, त्या मेल्विन यांना सप्टेंबरअखेर निरोप देण्यात आला.

मेल्विन निर्दोष होते, असे म्हणता येत नाही. ८०-८२ आणि ८१-८१ ही दोन हंगामांची कमाई कोणत्याही मोठ्या संघाला समाधान देणारी नाही. आपल्या पसंतीचा मॅनेजर नेमण्याचा पोझी यांचा अधिकारही निर्विवाद आहे. तरी हिशेब तपासताना एक बाब नजरेआड करता येत नाही. कोणाला आणायचे आणि कोणाला घालवायचे, यांपैकी एकही निर्णय मॅनेजरच्या हाती नव्हता. निकालाचे उत्तरदायित्व मात्र सर्वांत आधी त्याच्या दारी आले. डेव्हर्सचा करार २०३३ पर्यंत मोडता येत नाही. मॅनेजरचा करार एका वर्षाचे पैसे देऊन मोडता येतो. संघ सुधारण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दर्शनी उपाय म्हणून मॅनेजर बदलला जातो, तो यामुळे.

बॉस्टनमध्ये चित्र निराळे होते. मॅनेजर अ‍ॅलेक्स कोरा यांच्याशी जुलै २०२४ मध्येच २०२७ पर्यंतचा करार झाला होता. त्यामुळे डेव्हर्स प्रकरणात संघात खळबळ माजली, तरी मैदानावरील घडी विस्कटली नाही. मॅनेजरची खुर्ची स्थिर असेल तर मोठ्या सौद्याचे हादरे पचवता येतात, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी.

पोझी यांनी मेल्विन यांच्या जागी टेनेसी विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक टोनी व्हिटेलो यांची निवड केली. २०२४ चे महाविद्यालयीन विजेतेपद त्यांच्या नावावर आहे. व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळण्याचा वा प्रशिक्षणाचा अनुभव मात्र शून्य. हे धाडस यशस्वी होईलही. पण आता सौदा पोझींचा, संघ पोझींचा आणि मॅनेजरही पोझींचा आहे. यापुढील अपयशासाठी आधीच्या राजवटीकडे बोट दाखवता येणार नाही.

यापुढचा मोठा निर्णय मैदानाबाहेर होईल. मालक आणि खेळाडू यांच्यातील सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. मागील वाटाघाटी फिसकटल्या तेव्हा मालकांनी ९९ दिवस टाळेबंदी ठेवली होती. या वेळी वेतनाच्या कमाल मर्यादेचा मुद्दा अग्रभागी असेल. ती आली तर डेव्हर्ससारखे दीर्घ करार संघांना अधिक जड होतील आणि ते दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची घाई वाढेल. अशा वेळी सौद्याला खेळाडूची संमती असावी की नसावी, हा फ्लडने साडेपाच दशकांपूर्वी उभा केलेला प्रश्न खेळाडूंच्या संघटनेला पुन्हा हाती घ्यावा लागेल. डॉलरच्या आकड्यांवर घासाघीस होत राहील. परंतु आपण कोठे खेळायचे याबाबत खेळाडूचा शब्द किती चालावा, हे त्या आकड्यांत कोठेच लिहिलेले नसते. ते करारातच लिहून घ्यावे लागते.