ऐकू येईना म्हणून माणूस दुरावू नये

रविवारी मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात घोळके जमतात. कोणाच्या भातावर करपा पडला, कोणाची म्हैस व्याली, सारे तेथेच कळते. पण नीट पाहिले तर दोन-चार वडीलधारे कडेकडेने घरची वाट धरतात. त्यांना घाई नसते. शब्द न कळता इतरांबरोबर हसायचा त्यांना कंटाळा आलेला असतो.

घरातही तेच. दोनदा सांगून कळले नाही की आपण म्हणतो, "जाऊ द्या, काही नाही." मग बियाणे कोणते आणावे, बांध कोठे घालावा, हे त्यांना न विचारताच ठरते. ज्याने जमीन राखली तोच आपल्या घरात पाहुणा होतो. आमच्या मते बहिरेपणाचे खरे दुखणे हे आहे.

उतारवयात बहुधा बारीक, उंच सूर आधी जातात. त्यामुळे स, श, त अशी अक्षरे निसटतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. अशा वेळी ओरडण्याने काम होत नाही, उलट मन दुखावते. समोर बसून सावकाश बोलावे.

यावर उपाय आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांची तीन वर्षे पाहणी झाली. काहींना श्रवणयंत्र देऊन ते वापरायला शिकवले, इतरांना फक्त आरोग्याची माहिती दिली. २०२५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की यंत्र मिळालेल्यांच्या गोतावळ्यात इतरांपेक्षा सरासरी एक माणूस अधिक टिकला. म्हातारपणी एक माणूस म्हणजे थोडी मिळकत नव्हे.

म्हणून आधी डॉक्टरांना कान दाखवावा. कधी नुसता मळ साचलेला असतो. घरी तेल ओतू नये, काडी घालू नये. यंत्र घेतल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो. तेवढ्यावरून ते पेटीत टाकू नये, हळूहळू सवय होते. साठी उलटलेल्या गरिबांसाठी केंद्र सरकारची २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तीत श्रवणयंत्रही मिळते. सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

चष्मा लावताना आपण लाजत नाही, मग कानाच्या यंत्राची लाज का? सुगी संपताच घरातल्या वडिलांना तपासणीला न्यावे. पुढच्या रविवारी त्या घोळक्यात त्यांचाही आवाज ऐकू यावा, एवढेच आमचे सांगणे.