दिवाणखान्यातील फुलझाडे

सत्कारसमारंभात शाल व श्रीफळ देण्याची आपली जुनी चाल अलीकडे मागे पडू लागली असून तिच्या जागी कुंडीतले फुलझाड देण्याची नवी चाल पुण्यात रूढ होत आहे. ही सुधारणा प्रथम आम्हांस मनापासून आवडली होती. शालींनी कपाट भरते, श्रीफळाची चटणी होते. झाड मात्र वाढत राहते, असा आमचा भाबडा समज होता. गेल्या चारपाच वर्षांत आमच्या घरी अशी सात झाडे आली. तीन आमरी, म्हणजे बाजारात ज्यांस ऑर्किड म्हणतात ती, दोन अँथुरियम, आणि दोन पांढऱ्या फुलांची, ज्यांस पीस लिली असे शांत नाव आहे. यांपैकी आज एक जिवंत आहे. उरलेल्या सहांची हत्या आमच्या हातून, आमच्याच दिवाणखान्यात आणि उत्तम हेतूने झाली. प्रस्तुत विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस त्या सहा रिकाम्या कुंड्यांनी दिला आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सुशिक्षित घरांत हल्ली फुलझाडे पाळली जात नाहीत, मांडली जातात. कोच कोठे ठेवावा, तसबीर कोठे लावावी, हे ज्या दृष्टीने ठरते त्याच दृष्टीने झाडाचीही जागा ठरते. पाहुणा जेथे बसतो त्याच्यासमोर झाड. त्या जागी प्रकाश पोहोचतो की नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि चार महिन्यांनी झाड वाळले म्हणजे ‘आमच्या हाताला गुणच नाही’ असे म्हणून आपण नवे आणतो.

ही झाडे परदेशी म्हणून त्याज्य मानणारा एक पक्ष आहे. त्याच्या पंगतीत आम्हांस कोणी बसवू नये. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि गजऱ्यातला निशिगंध हे दोघेही मूळचे मेक्सिकोचे. परसातली गुलबक्षी आणि देवळापुढचा खुरचाफा हेही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून कोलंबसानंतरच्या काळातच इकडे आले. त्यांना आपण अंगणात ऊन दिले, माती दिली, आणि ते इतके आपले झाले की त्यांच्यावाचून आपले सण अडतात. पाहुणा परका असणे हा त्याचा अपराध नव्हे. त्याला काय मानवते हे न विचारणे हा यजमानाचा अपराध होय.

दुसरा पक्ष याहून फसवा आहे. त्याचे म्हणणे असे की, ही झाडे घरातली हवा शुद्ध करतात, तेव्हा ती फुलली न फुलली तरी पैसे वसूल. या समजुतीचे मूळ १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहानशा हवाबंद पेट्यांत केलेले होते, आणि आपली घरे हवाबंद पेट्या नव्हेत. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला. साध्या इमारतीत जी हवा सहज खेळते, तिच्याएवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यांस शुद्ध हवा हवी त्यांनी खिडकी उघडावी. तिला पाणीही घालावे लागत नाही.

आता मूळ दोषाकडे वळू. बाजारात सर्वांत अधिक खपणारी आमरी, फॅलेनॉप्सिस, ही फिलिपाइन्स, इंडोनेशिया इकडच्या अरण्यांत झाडांच्या फांद्यांवर राहते. आपल्या सह्याद्रीतही जांभळा-आंब्याच्या खोडांना बिलगलेल्या आमरी पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेल्या दिसतात. त्यांची मुळे मातीत नसतात, हवेत लोंबतात. त्यांवर स्पंजासारखे आवरण असते. पाऊस आला की ते भिजते आणि वाऱ्याने पुन्हा वाळते. वर पानांची जाळी असल्यामुळे कडक ऊन लागत नाही, पण उजेड भरपूर असतो. आता आकडे पाहा. उघड्यावर भर दुपारी सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. या झाडास त्यातला दहा ते पंधरा हजार पुरतो. आपल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, खिडकीपासून दहाबारा फुटांवर, पुष्कळदा शेदोनशेच असतो. आपल्याला ती खोली उजळ वाटते, कारण आपला डोळा अंधाराशी जुळवून घेण्यात मोठा वस्ताद आहे. झाडाला ती कला नाही. आपण ज्याला उजेड म्हणतो ती त्याची उपासमार असते. पीस लिली ही उपासमार दीर्घकाळ सोसते हे खरे. पण सोसते म्हणजे जगते, फुलत नाही.

उपाशी ठेवलेल्या या जिवास आपण मग पाणी पाजतो. आमच्या घरी सकाळी आम्ही पाणी घालीत असू, दुपारी आमचे कुटुंब घालीत असे, आणि कामाला येणाऱ्या बाई, दोघेही विसरले असतील म्हणून, तिसऱ्यांदा घालीत. कुंडी शोभेची, चिनी मातीची, खाली भोक नसलेली. मुळे कुजली. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पाने मलूल झाली. पाने मलूल दिसली म्हणून आम्ही पाणी वाढवले. तहानेने मेलेली झाडे आम्ही फार थोडी पाहिली आहेत, प्रेमाने मेलेली पुष्कळ. तीस वर्षे अध्यापन केल्यावर आम्हांस हे कुंडीतून शिकावे लागले, याची थोडी लाजही वाटते. कारण वर्गातही समोरच्यास किती पचते हे न पाहता ओतीत राहणे यालाच आपण कळकळ म्हणत आलो.

तिसरा अपराध तर निव्वळ अज्ञानाचा. या आमरीची फुले दोनतीन महिने टिकतात आणि गळतात. ती गळताच झाड संपले असे समजून अनेक घरांत ते कचऱ्याच्या गाडीत जाते. वस्तुतः ते विश्रांती घेत असते, आणि नीट ठेवल्यास वर्षानुवर्षे फुलते. नव्या बहरासाठी त्यास काही आठवडे पंचवीस अंशांखालचा गारवा लागतो. थंड देशांत उबवलेल्या घरातून मुद्दाम निराळ्या जागी नेऊन ज्याची तजवीज करावी लागते, तो गारवा पुण्याच्या कार्तिक-मार्गशीर्षातील रात्री फुकट देतात. उलट चैत्र-वैशाखात दुपारी येथील हवेतला दमटपणा वीस टक्क्यांच्याही खाली उतरतो. तेव्हा पश्चिमेच्या खिडकीपासून झाड हलवावे, कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्या, एवढे भान पुरे असते.

वर ज्या एका जिवंत झाडाचा उल्लेख केला, त्याची हकीकत येथे सांगणे प्राप्त आहे. फुले गळालेली एक आमरी टाकून देण्यास आम्ही बाईंस सांगितले होते. त्यांनी ती टाकली नाही. पूर्वेकडील गॅलरीत, कपडे वाळत घालण्याच्या काठीखाली, भोके पडलेल्या एका जुन्या डब्यात त्यांनी ती ठेवून दिली. तेथे सकाळचे कोवळे ऊन येते, वारा खेळतो, आणि आमच्या प्रेमाची झारी तेथवर पोहोचत नाही. दीड वर्षाने माघात तिला फुलांचा तुरा आला. पाहुण्यांपैकी तो कोणीही पाहिला नाही.

आपल्या आज्या या बाबतीत आपल्याहून शहाण्या होत्या. वाड्याच्या चौकात जेथे ऊन पडे तेथे तुळशीवृंदावन बांधले जाई, आणि घराचा व्यवहार त्याच्या भोवती चाले. रोज प्रदक्षिणा घालणारीला तुळस चारही बाजूंनी दिसत असे. कीड लागली, पान पिवळे पडले, तर त्याच दिवशी कळे. त्यांनी वनस्पतिशास्त्र वाचलेले नव्हते. त्या रोज पाहत असत, इतकेच. आपण वाचलेले पुष्कळ आहे, आणि पाहत नाही.

१८३० मध्ये स्थापन झालेली कृषि-उद्यानविद्येची संस्था ज्या एम्प्रेस गार्डनची निगा राखते, तेथील पुष्पप्रदर्शनास आम्ही नेमाने जातो. तेथे भाव विचारणारे शेकडो भेटतात. ‘हे झाड मूळचे कोठले?’ असे विचारणारा विरळा. आमची सूचना एवढीच की, झाड घेण्यापूर्वी आपल्या घरात सकाळचे ऊन कोठे येते ते आठ दिवस पाहावे. ते जेथे येते तेथे झाड ठेवण्याची तयारी असेल, मग ती जागा मोरीजवळची का असेना, तरच ते घ्यावे. नसेल तर कागदाची फुले आणावीत. त्यांत कमीपणा नाही, हिंसाही नाही.

आणि सत्कार करणाऱ्या मंडळींनी यापुढे आम्हांस पुस्तक द्यावे. ते कोपऱ्यात उपाशी राहिले तरी मरत नाही. आणि आमची पूर्वेकडील गॅलरी लहान आहे.